व्हॅक्यूम स्विचिंग व्हॉल्व्ह कसा तपासायचा: आधी वीज, मग हवा, शेवटी उष्णता

गेल्या मे महिन्यात मामा चाळीसगावचं लग्न उरकून जालन्याला परत येत होते. गाडी डिझेल, दीड लाख किलोमीटर झालेली, पण सांभाळून वापरलेली. कन्नडचा घाट लागला आणि गाडीनं दम सोडला. दुसऱ्या गिअरमध्येही ओढेना, मागं काळा धूर, समोर इंजिनाचा पिवळा दिवा. कसाबसा घाट चढून ते वर तासभर थांबले. अंधार पडल्यावर, गारव्यात निघाले, तर गाडी काहीच झालं नसल्यासारखी पळाली. दुसऱ्या दिवशी एका वर्कशॉपमध्ये स्कॅनर लावला, टर्बोचा, म्हणजे इंजिनात जादा हवा दाबून भरणाऱ्या पंख्याचा, दाब कमी असल्याचा कोड निघाला आणि टर्बो बदलायचा म्हणून पाऊण लाखाच्या पुढचा आकडा कागदावर लिहून मिळाला.

मामांचा फोन आला. "अरे, टर्बो गेला म्हणतेत. तुरीचे आलेले पैसे सगळे यातच जाणार बघ."

मी म्हटलं, "मामा, रात्री पळणारा अन् दुपारी न पळणारा टर्बो मी अजून बघितला नाही. गाडी इकडं घेऊन या. तोवर कुणाला काही खोलू देऊ नका."

टर्बो ठणठणीत होता. बिघडला होता तो मुठीत मावेल एवढा, दोन वायरी आणि दोन बारीक पाइप जोडलेला व्हॅक्यूम स्विचिंग व्हॉल्व्ह. त्याची कॉइल चांगली होती, तो टिकटिक वाजतही होता. तरीही तो खराब होता, आणि हे कळलं ते त्याला गरम केल्यावर. म्हणून हा लेख लिहितो आहे. कॉइल मोजून किंवा आवाज ऐकून हा व्हॉल्व्ह पास करणं ही अर्धवट तपासणी आहे. निदान आपल्या मराठवाड्याच्या उन्हात आणि धुळीत तरी तेवढ्यावर विसंबू नये.

हा व्हॉल्व्ह करतो काय

ठिबकच्या पाइपावर कॉक असतो, तसाच हा कॉक. फरक एवढाच की यातून पाणी जात नाही, हवेची ओढ, म्हणजे व्हॅक्यूम, जाते, आणि तो हातानं नाही तर विजेवर उघडतो. आत तांब्याच्या तारेची कॉइल असते. तिला १२ व्होल्ट मिळाले की ती चुंबक बनते आणि आतला लोखंडी प्लंजर उचलते. वीज गेली की स्प्रिंग त्याला परत बसवते. वीज कधी द्यायची हे इंजिनाचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीएम, ठरवतो.

ही ओढ येते कुठून? पेट्रोल इंजिनात थ्रॉटल (हवेची झडप) जवळजवळ बंद असताना पिस्टन हवा खेचतात, त्यामुळं इनटेक मॅनिफोल्डमध्ये (हवा आत नेणाऱ्या नळकांड्यात) आपोआप व्हॅक्यूम तयार होतो. डिझेलमध्ये तसा होत नाही, म्हणून वेगळा व्हॅक्यूम पंप असतो. काही इंजिनांत तो कॅमशाफ्टवर चालतो, काहींत अल्टरनेटरच्या पाठीला बसवलेला असतो. ब्रेकचा बूस्टरही याच पंपावर चालतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं कामाला येईल.

पेट्रोल गाडीत हा व्हॉल्व्ह बहुधा पर्ज व्हॉल्व्ह म्हणून भेटतो. टाकीतली पेट्रोलची वाफ कोळशाच्या डब्यात, म्हणजे कॅनिस्टरमध्ये साठते आणि हा व्हॉल्व्ह उघडला की ती इंजिनात ओढली जाऊन जळते. याला दोनच तोंडं असतात. वीज नसताना तो बंद, वीज आली की उघडा. डिझेलमध्ये तो टर्बोच्या ॲक्च्युएटरला (ओढ मिळाली की दांडा सरकवणाऱ्या डबीला), ईजीआरला (थोडा धूर परत इंजिनात सोडणाऱ्या व्यवस्थेला) किंवा ईजीआर कूलरच्या बायपासला ओढ पुरवतो. याला बहुधा तीन तोंडं असतात: एक पंपाकडं, एक ॲक्च्युएटरकडं आणि तिसरं बाहेरच्या हवेला, ज्यावर छोटा फिल्टर बसवलेला असतो. बऱ्याच व्हॉल्व्हवर पंपाच्या तोंडापाशी 'व्हॅक' आणि ॲक्च्युएटरच्या तोंडापाशी 'आउट' अशी रोमन अक्षरं उठवलेली असतात. वीज नसताना ॲक्च्युएटर बाहेरच्या हवेला जोडलेला राहतो, वीज आली की पंपाला जोडला जातो.

टर्बोचा व्हॉल्व्ह नुसता चालू-बंद होत नाही. ईसीएम त्याला सेकंदात अनेक वेळा वीज देतो आणि तोडतो, आणि त्या प्रमाणावर ओढ कमी-जास्त होते. याला मॉड्युलेटर म्हणतात. त्याची तपासणी थोडी वेगळी आहे, ती ओघात येईलच.

एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे बीएस-६ नियम लागू झाल्यावर आलेल्या अनेक डिझेल गाड्यांत टर्बो आणि ईजीआर थेट विजेच्या मोटरवर चालतात. तुमच्या ॲक्च्युएटरला बारीक रबरी पाइपाऐवजी जाड कनेक्टर जोडलेला दिसला, तर तिथं हा व्हॉल्व्ह नाही.

कोड वाचताना

स्कॅनरचे कोड दोन जातींचे असतात आणि त्यांची गल्लत झाली की पैसा वाया जातो. पी ०४४३ म्हणजे पर्ज व्हॉल्व्हच्या सर्किटमध्ये दोष, पी ०४०३ म्हणजे ईजीआरच्या सर्किटमध्ये, पी ००४५ म्हणजे टर्बोच्या बूस्ट सोलेनॉइडच्या सर्किटमध्ये. हे विजेचे कोड आहेत. इथं कॉइल, वायर किंवा कनेक्टर पाहायचा.

पी ०२९९ म्हणजे टर्बोचा दाब कमी. पी ०४०१ म्हणजे ईजीआरचा प्रवाह कमी. पी ०४४१ म्हणजे पर्जचा प्रवाह चुकीचा. हे परिणामाचे कोड आहेत. ईसीएमला फक्त कळलं की जे व्हायला हवं होतं ते झालं नाही. का झालं नाही हे त्याला माहीत नसतं. मामांच्या गाडीत पी ०२९९ होता, आणि त्यावरून थेट टर्बोवर बोट ठेवलं गेलं. या कोडमागं फुटलेला इंटरकूलरचा पाइप असू शकतो, तुंबलेला एअर फिल्टर असू शकतो, उंदरानं कुरतडलेली व्हॅक्यूमची नळी असू शकते, किंवा हा व्हॉल्व्ह.

लक्षणं थोडक्यात सांगतो. पर्ज व्हॉल्व्ह उघडा अडकला तर स्लोवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता, इंजिन हलतं आणि पेट्रोल भरल्यावर सेल्फ लांबतो, म्हणजे गाडी सुरू व्हायला वेळ लागतो. टर्बोच्या व्हॉल्व्हनं ओढ सोडली तर खालच्या आरपीएमला पिकअप मरतो. ईजीआरचा व्हॉल्व्ह ओढ धरून अडकला तर काळा धूर आणि जड इंजिन.

काय काय लागेल

एक डिजिटल मल्टिमीटर. एलईडीचा टेस्ट लॅम्प. ५ ॲम्पियरचा फ्यूज लावलेल्या दोन जोडवायरी. व्हॅक्यूमचं गेज आणि टी-जोड. हाताचा व्हॅक्यूम पंप असेल तर उत्तम. नसेल तर मेडिकलमधून ५० किंवा ६० मिलीची मोठी सिरिंज आणा आणि तिच्या तोंडाला घट्ट बसणारी रबरी नळी लावा. दट्ट्या ओढून धरला आणि सोडला की तो परत आत खेचला गेला, म्हणजे ओढ टिकून आहे. जागच्या जागी राहिला, म्हणजे हवा कुठून तरी आत शिरली. गेजइतकी अचूक नाही, पण चांगला-वाईट ठरवायला सिरिंज पुरते.

टेस्ट लॅम्प एलईडीचाच घ्या, असं मी आग्रहानं सांगतो. जुना इंडिकेटरचा बल्ब जोडून केलेला लॅम्प जास्त करंट खेचतो आणि ईसीएमच्या आतला ड्रायव्हर जाळू शकतो. व्हॉल्व्हच्या किमतीपुढं ईसीएमची किंमत फार मोठी आहे.

सुरुवातीला हँडब्रेक ओढा, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा. फॅन अचानक फिरू शकतो, तेव्हा गळ्यातला गमछा, सैल बाह्या दूर ठेवा. पेट्रोल गाडीच्या पर्ज लाइनमध्ये वाफ असते, म्हणून काम मोकळ्या जागेत करा आणि जवळ विडी-सिगारेट नको. तोंडानं नळी फुंकायची किंवा ओढायची सवय अनेक मिस्त्रींना आहे. पर्जमध्ये पेट्रोलची वाफ आणि ईजीआरमध्ये काजळी असते, ती छातीत घेऊ नका.

पहिली पायरी: डोळे आणि बोटं

बोनेट उघडल्यावर आधी मोबाइलवर फोटो काढा. कोणती नळी कुठं जाते हे उतरवून ठेवा, चिकटपट्टीवर नंबर लिहून नळ्यांना लावा. व्हॅक आणि आउटच्या नळ्या उलट बसल्या की चांगला व्हॉल्व्हही खराब वाटतो, आणि हे मी एकदा नाही, अनेकदा पाहिलं आहे.

मग प्रत्येक नळी तिच्या उगमापासून शेवटापर्यंत बोटांनी चाचपा. टोकं विशेष बघा. आपल्याकडच्या उन्हात बोनेटखालचं रबर टणक होतं, टोकाला बारीक चिरा पडतात. नळी वाकवल्याशिवाय त्या दिसत नाहीत. गाडी शेतातल्या आखाड्यावर, गोठ्याशेजारी किंवा कडब्याच्या गंजीजवळ उभी राहत असेल तर उंदराचे दात शोधा. नळी खालच्या बाजूनं कुरतडलेली असते आणि वरून साबूत दिसते.

आणखी एक गोष्ट पोटतिडकीनं सांगावीशी वाटते. तुटलेल्या व्हॅक्यूम नळीच्या जागी ठिबकची बारीक नळी जोडलेल्या गाड्या माझ्याकडं दर उन्हाळ्यात येतात. ती नळी पाण्याच्या दाबासाठी बनवलेली आहे, आतून ओढ सहन करण्यासाठी नाही. इंजिन तापलं की ती मऊ पडते, वळणावर चपटी होते आणि वाट बंद होते. गार झाली की पुन्हा गोल. मग दोष सापडता सापडत नाही. अशी नळी दिसली तर पुढची कुठलीही तपासणी करण्याआधी ती काढून योग्य व्यासाची व्हॅक्यूम होज बसवा.

शेवटी फिल्टर. तीन तोंडांच्या व्हॉल्व्हवर टोपीखाली स्पंजचा छोटा तुकडा असतो, काही गाड्यांत तो वेगळ्या नळीच्या टोकाला असतो. काळ्या रानातली बारीक माती आणि जिनिंगच्या हंगामातला कापसाचा तंतू यानं तो बुजतो. तो बुजला की ॲक्च्युएटरमधली ओढ सुटायला वाट राहत नाही, आणि व्हॉल्व्ह बंद होऊनही टर्बो किंवा ईजीआर सुटत नाही. चिखल झाला म्हणून प्रेशर गननं इंजिन धुतलं असेल तर फिल्टरमध्ये आणि कनेक्टरमध्ये पाणी आहे का तेही बघा. पिनांवर हिरवट थर दिसला तर तिथंच बरंचसं उत्तर मिळालं.

दुसरी पायरी: मुळात ओढ आहे का

विहिरीत पाणी नसताना कॉक तपासण्यात अर्थ नाही. व्हॉल्व्हच्या व्हॅक तोंडाकडं येणारी नळी काढा, तिला गेज लावा आणि इंजिन स्लोवर चालू करा.

समुद्रसपाटीला हवेचा दाब ७६० मिलिमीटर पारा असतो. साधारण ३०० मीटर वर गेलं की तो जवळपास २५ मिलिमीटरनं उतरतो. छत्रपती संभाजीनगर समुद्रसपाटीपासून सुमारे ५७० मीटरवर आहे, तिथं हवेचा दाबच ७१० च्या आसपास असतो. नांदेड त्यापेक्षा खाली, सुमारे ३६० मीटरवर, तिथं ७३० च्या जवळ. गेज नेहमी बाहेरच्या हवेशी तुलना करून आकडा दाखवतो, म्हणून मॅन्युअलमध्ये समुद्रसपाटीचा आकडा दिलेला असेल तर संभाजीनगरला त्यातून सुमारे ५० वजा करूनच निकाल लावा. मॅन्युअलमध्ये ६८० लिहिलंय आणि गेजवर ६३० दिसतंय म्हणून पंप बदलायला निघू नका.

डिझेलचा धडधाकट पंप आपल्याकडं ६०० च्या वर आणि स्थिर आकडा देतो. पेट्रोलच्या मॅनिफोल्डला स्लोवर ४०० ते ५०० च्या दरम्यान मिळालं तर ठीक. आकडा फार कमी असेल तर व्हॉल्व्ह बाजूला ठेवा आणि पंप, मुख्य नळी, ब्रेक बूस्टर बघा. ब्रेकचं पेडलही कडक लागत असेल तर ही नुसती पिकअपची तक्रार नाही, तुमच्या जिवाचा प्रश्न आहे. ती दुरुस्ती होईपर्यंत गाडी रस्त्यावर नेऊ नका.

तिसरी पायरी: वीज

इग्निशन बंद करून कनेक्टर काढा. मल्टिमीटर ओहमवर ठेवा आणि व्हॉल्व्हच्या दोन पिनांमध्ये मोजा. चालू-बंद प्रकारच्या आणि पर्जच्या बहुतेक कॉइल २० ते ५० ओहमच्या दरम्यान असतात, टर्बोच्या मॉड्युलेटरची कॉइल साधारण ११ ते २०. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधला आकडा मिळाला तर तोच खरा. मीटर अनंत दाखवत असेल तर कॉइल तुटली. एक-दोन ओहमच दाखवत असेल तर आत शॉर्ट. मग एक टोक पिनेला आणि एक व्हॉल्व्हच्या धातूच्या अंगाला लावा. इथं काहीच जोडणी दिसता कामा नये.

मीटरची टोकं उलट करून पुन्हा मोजा. दोन्ही वेळा आकडा वेगळा आला तर कॉइलला आतून डायोड लावलेला आहे. अशा व्हॉल्व्हला पुढं बाहेरून वीज देताना पॉझिटिव्ह-निगेटिव्ह चुकलं तर डायोड जळतो.

आता उष्णतेचा हिशेब. मॅन्युअलमधला आकडा बहुधा २० अंशांचा असतो. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के वाढतो. म्हणजे २० अंशांना ३० ओहम असलेली कॉइल परभणीच्या ४२ अंशांत, गाडी सुरूही न करता, साडेबत्तीसच्या पुढं जाते. बोनेटखाली ९० अंश झाले की ३८. मॅन्युअल २७ ते ३३ म्हणत असेल तर ती फेल ठरेल, आणि तिच्यात काही दोष नसेल. म्हणून ओहम सकाळी, गाडी रात्रभर सावलीत उभी राहिल्यावर मोजा, आणि त्या वेळचं तापमान लिहून ठेवा.

याच हिशेबाची दुसरी बाजूही आहे. १४ व्होल्टवर ३० ओहमच्या कॉइलमधून ०.४७ ॲम्पियर करंट जातो, ३८ ओहम झाल्यावर ०.३७. चुंबकाची ताकद करंटवर ठरते. नवा, स्वच्छ प्लंजर तेवढ्यातही उचलला जातो. धुळीनं किंवा तेलकट मेणचटानं जड झालेला प्लंजर सकाळी उचलला जातो आणि दुपारी अडखळतो.

कॉइल बरोबर असेल तर वायरिंगकडं वळा. इग्निशन चालू करा, इंजिन बंद ठेवा. काढलेल्या कनेक्टरच्या एका पिनेवर बॉडीच्या सापेक्ष बॅटरीएवढा व्होल्टेज मिळायला हवा. नसेल तर फ्यूज आणि रिले बघा. दुसरी वायर ईसीएमकडं जाते. ईसीएम तिला अर्थिंग (निगेटिव्ह) देऊन व्हॉल्व्ह चालवतो. या वायरला बॅटरीचा पॉझिटिव्ह कधीही लावू नका.

एलईडी टेस्ट लॅम्प त्या दोन पिनांमध्ये जोडा. स्कॅनरमध्ये ॲक्टिव्ह टेस्टची सोय असेल तर व्हॉल्व्ह चालवण्याचा हुकूम द्या. सोय नसेल तर इंजिन सुरू करून, गरम करून, आरपीएम वाढवा. लॅम्प लुकलुकला तर ईसीएम आणि वायरिंग आपलं काम करत आहेत. कनेक्टर काढल्यामुळं सर्किटचा नवा कोड पडेल, तो शेवटी पुसायचा आहे. मॉड्युलेटर चालू असताना मल्टिमीटरवर ६ किंवा ७ व्होल्ट दिसले तर गोंधळू नका. वीज निम्मा वेळ चालू, निम्मा वेळ बंद असते आणि मीटर सरासरी दाखवतो.

चौथी पायरी: हवा

इथं घाई करू नका. माझ्या पाहण्यातले बहुतेक खराब व्हॉल्व्ह विजेच्या तपासणीत पास झालेले होते आणि इथं उघडे पडले.

व्हॉल्व्ह काढून टेबलावर घ्या. दोन तोंडांचा पर्ज असेल तर काम सोपं आहे. वीज न देता कॅनिस्टरकडच्या तोंडाला सिरिंज लावा, दट्ट्या ओढा आणि अर्धा मिनिट धरा. सोडल्यावर दट्ट्या जोरात परत गेला पाहिजे. दुसऱ्या तोंडालाही तेच करा. मग फ्यूज लावलेल्या जोडवायरींनी बॅटरीची वीज द्या, एका वेळी पाच-सात सेकंद. टिक असा आवाज येईल आणि दट्ट्या आता सहज सरकेल. वीज तोडा, पुन्हा अडला पाहिजे.

तीन तोंडांच्या चालू-बंद व्हॉल्व्हला चार प्रश्न विचारायचे. वीज नसताना व्हॅक तोंड ओढ धरतं का? धरलं पाहिजे. वीज नसताना आउटमधून सिरिंजनं ढकललेली हवा फिल्टरमधून मोकळी बाहेर पडते का? पडली पाहिजे. अडकत असेल तर फिल्टर काढून पुन्हा बघा, म्हणजे दोष फिल्टरचा की व्हॉल्व्हचा ते कळेल. वीज दिल्यावर, आउटवर बोट दाबून धरलं असताना व्हॅककडून ओढ टिकते का? नाही टिकली तर हवेकडची सीट, म्हणजे प्लंजर टेकतो ती जागा, गळते आहे. आणि वीज तोडताच आउटवरच्या बोटाला लागलेली ओढ लगेच सुटते का? हा चौथा प्रश्न लोक विसरतात. एक-दोन सेकंद उशिरा सुटत असेल तर प्लंजर चिकटतो आहे.

हे प्रत्येक वेळी दहा-बारा वेळा करून बघा. चांगला व्हॉल्व्ह दहाही वेळा सारखाच वागतो.

मॉड्युलेटरला मात्र हे नियम जसेच्या तसे लावू नका. काहींच्या बनावटीतच थोडी गळती ठेवलेली असते. त्याला गाडीवरच तपासा. आउट आणि ॲक्च्युएटरच्या मध्ये टी-जोड घालून गेज लावा. त्याआधी ॲक्च्युएटर स्वतः धरतो की नाही हे सिरिंजनं किंवा हातपंपानं बघून घ्या: ओढ दिली की दांडा सरकतो आणि अर्धा मिनिट तिथंच राहतो. त्याचा पडदा फाटला असेल तर व्हॉल्व्हला दोष देऊन उपयोग नाही. व्हॅक्यूमवर चालणाऱ्या बहुतेक व्हेरिएबल टर्बोत इंजिन सुरू होताच दांडा आत ओढला जातो आणि बंद करताच बाहेर येतो. स्लोवर आउटचा आकडा स्थिर हवा, आणि ॲक्सिलरेटर दाबून सोडल्यावर तो हलून परत जागेवर आला पाहिजे.

पाचवी पायरी: उष्णता

मामांचा व्हॉल्व्ह सकाळी ३२ अंशांत मोजला, साडेचौदा ओहम. आवाज स्वच्छ. स्लोवर आउटला ४८० मिलिमीटर, काटा स्थिर. इथवर थांबलो असतो तर मीही टर्बोकडंच वळलो असतो.

मग हेअर ड्रायरनं त्याला गरम केलं. ज्योत, गॅस किंवा लायटर वापरायचा नाही, प्लास्टिक वितळतं. हात टेकवल्यावर पटकन काढावासा वाटेल इतपत तापवा, म्हणजे ६० ते ७० अंश. पर्ज व्हॉल्व्ह असेल तर तो आधी गाडीपासून दूर नेऊन उघड्यावर तासभर ठेवा, आत वाफ राहिलेली नको. ड्रायर हाताशी नसेल तर भर दुपारी पंधरा-वीस किलोमीटर गाडी चालवून या, बोनेट बंदच ठेवून दहा मिनिटं स्लोवर उभी करा आणि मग गेज लावा. उलट ही खरी परीक्षा.

गरम झाल्यावर ओहम सतराच्या जवळ गेले. ही वाढ तांब्याच्या हिशेबात बसणारीच होती, म्हणजे कॉइल निर्दोष. पण गेजचा काटा ४८० वरून घसरत २०० वर आला आणि तिथं थरथरत राहिला. व्हॉल्व्हवर ओला फडका ठेवला, तीन-चार मिनिटांत काटा पुन्हा वर. मामा शेजारीच उभे होते. म्हणाले, "म्हणजे घाटात हेच झालं?" हेच झालं होतं. तापलेला प्लंजर पूर्ण उचलला जात नव्हता, टर्बोला ओढ मिळत नव्हती.

तुमच्या व्हॉल्व्हचे गरम आणि गार दोन्ही वेळचे आकडे शेजारी शेजारी लिहा. ओहम तापल्यावर अचानक अनंत झाले तर कॉइलची तार आतून तुटलेली आहे आणि तापून फाकते आहे. ओहम शिस्तीत वाढले पण ओढ पडली, तर दोष प्लंजरचा किंवा सीटचा.

साफ करावा की बदलावा

फक्त फिल्टर बुजला असेल तर तो बाहेर काढून कोमट साबणाच्या पाण्यात धुवा, पूर्ण वाळवा आणि बसवा. फिल्टर वेगळा मिळत असेल तर नवाच घाला. पिनांवर गंज असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर पुरे. व्हॉल्व्हच्या आत मात्र कार्ब्युरेटर क्लीनर, डिझेल किंवा तेल सोडू नका. क्लीनरनं आतलं रबर फुगतं, तेलावर धूळ आणखी चिकटते. साफ केलेला प्लंजर पंधरा दिवस चालतो आणि पुन्हा घाटातच दगा देतो. गळणारा, अडखळणारा किंवा तापल्यावर पडणारा व्हॉल्व्ह बदलायचा. नवा घेताना जुन्यावरचा पार्ट नंबर जुळवा, नुसता आकार नाही. दिसायला जुळी असलेली दोन व्हॉल्व्ह ओहममध्ये निम्म्याचा फरक ठेवून असतात, आणि एक चालू-बंदचा तर दुसरा मॉड्युलेटर असतो. दुकानातच मीटर लावून मोजून घ्या.

पर्ज व्हॉल्व्ह कोळशाच्या चुऱ्यानं अडकला असेल तर कॅनिस्टरही तपासा. पंपावर नोझल आपोआप कट झाल्यावरही वरून आणखी पेट्रोल घालून टाकी गळ्यापर्यंत भरायची आपल्याकडं फार सवय आहे. ते पेट्रोल कॅनिस्टरमध्ये उतरतं, कोळसा भिजतो, आणि पुढं पर्ज व्हॉल्व्हही खराब होतो. कारण न काढता नवा व्हॉल्व्ह बसवला तर तोही त्याच वाटेनं जाईल.

रस्त्यावर

नळ्या फोटोशी ताडून बसवा, कनेक्टर टक असा आवाज येईपर्यंत दाबा, ब्रेक बूस्टरची नळी पुन्हा एकदा हातानं ओढून बघा. कोड पुसा. मग गाडी पूर्ण गरम करा आणि चढ असलेला रस्ता निवडा. बीडकरांना मांजरसुंब्याचा घाट जवळ आहे, आम्हाला कन्नडचा. सपाट रस्त्यावर सकाळी घेतलेली चाचणी धरू नका, कारण हा दोष सकाळी दिसतच नाही. शेजारी बसलेल्या माणसाच्या हातात स्कॅनर द्या आणि टर्बोचा मागितलेला दाब व प्रत्यक्ष दाब असे दोन आकडे बघायला सांगा. चढावर ते एकमेकांजवळ राहिले पाहिजेत.

मामा आणि मी दुपारी दोनला निघालो, घाट उतरून खाली चहा घेतला आणि तिथूनच परत फिरलो. तिसऱ्या गिअरमध्ये, एसी चालू ठेवून घाट चढलो. स्कॅनर मामांच्या हातात होता, ते दर वळणावर दोन्ही आकडे मोठ्यानं वाचत होते. घाटमाथ्यावर गाडी थांबवून बोनेट उघडलं, तापलेल्या व्हॉल्व्हवर गेज लावलं. काटा ४७० वर होता आणि हलत नव्हता.